समुद्राला तलाव समजू नका



भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातलं एकोडी हे माझं गाव. आमचा जिल्हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. मालगुजारीच्या काळात बांधलेले जुने तलाव आजही आमच्या धानाला पाणी देतात. आमच्याकडे पोरांना पोहायला कुणी शिकवत नाही. म्हशीचं शेपूट धरून ती आपोआप शिकतात. समुद्र मात्र आमच्यापासून फार दूर. रस्त्यानं निघालं तर अरबी समुद्र आठ-नऊशे किलोमीटर. मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीचा धडा यायचा तेव्हा 'समुद्र कुणी पाहिला आहे?' असं विचारलं की वर्गात एकही हात वर व्हायचा नाही.

आता दिवस बदलले आहेत. विक्रीचं उद्दिष्ट गाठलं की खत-बियाण्यांच्या कंपन्या कृषी केंद्रवाल्यांना बँकॉक-पटायाची सहल देतात. विमा एजंट आणि सिमेंटचे विक्रेतेही अशा सहलींवर जातात. नवी जोडपी गोव्याला जातात आणि ऐपत असली तर बाली, मॉरिशस, मालदीवलाही. ज्यांच्या आजोबांनी नागपूरच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्यांच्या खिशात आज पासपोर्ट आहे. मला याचा आनंदच वाटतो.

असाच माझा एक जुना विद्यार्थी सप्टेंबरमध्ये घरी आला. त्याचं कृषी केंद्र आहे. रोवणी आटोपली होती आणि खताचा हंगाम ओसरला होता. म्हणाला, "गुरुजी, बायको-पोरांना घेऊन आठ दिवस फुकेतला चाललो. समुद्राला लागूनच रिसॉर्ट आहे. या दिवसांत अर्ध्या भावात मिळालं." मी म्हटलं, "जा बाबा, पण पाण्याला जपून राहा." तो हसला. आमच्या बोलीत म्हणाला, "मले पोवता येते ना गुरुजी, मंग कायचा भेव जी?"

त्याच्या या वाक्यानं माझ्या पोटात गोळा आला, कारण हेच वाक्य एके काळी मी स्वतः बोललो होतो.

१९८७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही शिक्षक कोकणात गेलो होतो. समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहून जाणारा गडी मी! किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, पांढरा फेस उसळत होता. मधे मात्र वीस-पंचवीस पावलांचा एक पट्टा असा होता, की तिथे लाट फुटतच नव्हती. पाणी जरासं गडद आणि संथ होतं, अगदी आमच्या तलावासारखं. मी सोबत्यांना म्हटलं, "इथून उतरू या. इथे पाणी शांत आहे."

छातीइतक्या पाण्यात पोचलो आणि पायाखालची वाळू सरकू लागली. मागे वळून पाहतो तो किनारा लांब गेलेला. मी सगळं बळ एकवटून किनाऱ्याकडे हात मारू लागलो. पाच मिनिटं झाली तरी जागचा हललो नाही, उलट आणखी आत गेलो. दम संपला, नाकातोंडात खारं पाणी गेलं. तेवढ्यात किनाऱ्यावर जाळी सुकवत बसलेले एक कोळीदादा उभे राहिले आणि दोन्ही हात बाजूला हलवत ओरडले, "ओ भाऊ, समोर नको! आडवे या, आडवे!" मी काही न समजता किनाऱ्याला समांतर असा पन्नास-साठ हात पोहलो आणि एकाएकी ओढ थांबली. पुढच्या लाटेनंच मला किनाऱ्याकडे ढकललं.

नंतर ते कोळीदादा एवढंच म्हणाले, "तुम्ही ज्या पाण्याला शांत म्हटलंत ते पाणी परत निघालेलं होतं."

वाळूचा धुरा आणि त्यातली खिंड

मी भूगोलाचा शिक्षक असूनही हे मला ठाऊक नव्हतं. पुढे वाचून समजून घेतलं. या परतीच्या प्रवाहाला जगभर 'रिप करंट' म्हणतात. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला तो समजायला अवघड नाही. धानाच्या बांधीत पाणी भरलं की ते धुऱ्याच्या आत उभं राहतं. धुरा एका जागी फोडला की सगळ्या बांधीचं पाणी तिकडे धावतं. दूर उभं राहून पाहिलं तर बांधी स्थिरच दिसते, पण फोडलेल्या जागी पाय ठेवला की ओढ कळते.

समुद्रातही असंच होतं. लाटा एकामागून एक पाणी आणून किनाऱ्यावर टाकतात. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे उंचवटे असतात. तोच समुद्राचा धुरा. साचलेल्या पाण्याला परत जायचं असतं, आणि या वाळूच्या धुऱ्यात जिथे खिंड असेल तिथून ते जोरानं बाहेर पडतं. खिंडीत पाणी खोल असतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. लाट फुटत नाही म्हणून ती जागा शांत दिसते. तलावावर वाढलेला माणूस नेमकी तीच जागा पोहायला निवडतो.

या प्रवाहाचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरहून अधिक होतो. जगातल्या सर्वांत वेगवान पोहणाऱ्यानं २०२४ साली शंभर मीटर अंतर ४६.४० सेकंदांत कापलं, म्हणजे त्याचा वेगही सेकंदाला जेमतेम दोन मीटरच. अशा प्रवाहाविरुद्ध तुमचं-आमचं काय चालणार? म्हणून 'मला पोहता येतं' हे उत्तर पुरेसं नाही. तलावात धोका खोलीचा असतो. समुद्रात धोका पाण्याच्या चालण्याचा असतो, आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसालाही तो ओढून नेऊ शकतो.

मग करायचं काय? पाण्यात उतरण्याआधी दहा मिनिटं किनाऱ्यावर, जमल्यास थोड्या उंच जागी उभं राहून नुसतं पाहा. लाटांच्या ओळीत कुठे खंड पडतो? कुठला पट्टा गडद दिसतो? फेस, शेवाळ किंवा गढूळ वाळू कुठून समुद्राकडे जाताना दिसते? ती जागा टाळा. खडकांच्या आणि धक्क्याच्या कडेलाही असा प्रवाह हमखास असतो.

आणि सापडलातच, तर तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, घाबरून किनाऱ्याकडे झुंजू नका. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, फक्त बाहेर नेतो. बुडतो तो दमलेला माणूस. दुसरी, पाठीवर पडून तरंगत राहा. खाऱ्या पाण्यात तलावापेक्षा तरंगणं सोपं असतं. एक हात उंच करून मदत मागा. तिसरी, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा आणि ओढ थांबली की फुटणाऱ्या लाटांबरोबर तिरकं किनाऱ्याकडे या. दम नसेल तर नुसतं तरंगा. लाटांची ओळ ओलांडल्यावर प्रवाहाचा जोर बहुधा ओसरतो.

एकामागून एक

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी बुडून मरण पावले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१७ रोजी, मालवणजवळच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतल्या आठ जणांचा अंत झाला. जानेवारी २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फिलिप आयलंडच्या एका किनाऱ्यावर भारतीय कुटुंबातल्या तीन स्त्रिया आणि एक पुरुष असे चौघे गेले. त्या किनाऱ्यावर जीवरक्षकांची गस्त नव्हती.

अशा दुर्घटनांत एका वेळी इतके जीव का जातात? सगळे एकाच वेळी एकाच जागी उतरतात, हे एक कारण. दुसरं कारण आपल्या मायेत आहे. एक जण ओढला गेला की दुसरा त्याच्यामागे उडी घेतो आणि दुसऱ्यामागे तिसरा. भाऊ बुडत असताना काठावर उभं राहायचं कसं, हे मला समजतं. पण बुडणारा माणूस जीव वाचवण्यासाठी समोरच्याला मिठी मारतो आणि दोघंही जातात. त्यापेक्षा हाताला येईल ती तरंगणारी वस्तू फेका. ट्यूब, लाइफ जॅकेट, थर्माकोलचा डबा, बूच लावलेला रिकामा कॅन, काहीही चालेल. त्याच्यावरची नजर हलवू नका, बोट दाखवत राहा आणि दुसऱ्याला जीवरक्षकाकडे पळवा. माझे कोळीदादा पाण्यात उतरले नव्हते. त्यांनी काठावरून दोन शब्द सांगितले आणि मी वाचलो.

झेंड्याची भाषा

समुद्रकिनाऱ्यावरचे झेंडे शोभेचे नसतात. अर्धा लाल, अर्धा पिवळा असे दोन झेंडे दिसले तर त्या दोहोंमधल्या पाण्यावर जीवरक्षकांची नजर आहे असं समजावं. पोहायचं तर तिथेच. नुसता पिवळा झेंडा म्हणजे जपून. लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरू नका. एकावर एक दोन लाल झेंडे म्हणजे पाणी सगळ्यांसाठी बंद. कुठे जांभळा झेंडा दिसला तर पाण्यात जेलीफिशसारखे डंख मारणारे जीव आहेत. देशोदेशी थोडाफार फरक असतो, म्हणून पोचल्याबरोबर रिसॉर्टच्या स्वागतकक्षात विचारून घ्यावं.

गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची शिस्तशीर व्यवस्था उभी राहिली आणि तिनं हजारो जीव वाचवले आहेत. पण जीवरक्षक रात्री नसतात, आणि आपली मंडळी नेमकी जेवणानंतर, अंधारात, 'जरा पाय ओले करू' म्हणून निघतात. अंधारात ओढला गेलेला माणूस कुणाला दिसतही नाही.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या अर्ध्या भावाबद्दल. फुकेतला त्या दिवसांत रिसॉर्ट स्वस्त मिळतं याला कारण आहे. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर आपली रोवणी होते, तेच वारे मे ते ऑक्टोबर या काळात थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठ्या लाटा आणून आदळतात. फुकेतच्या किनाऱ्यांवर तेव्हा लाल झेंडे लागतात आणि परतीचे प्रवाह जोरात असतात. थायलंडच्या आखाताकडचं सामुई बेट यात वेगळं. तिथला सर्वांत खराब काळ ऑक्टोबर ते डिसेंबर. एकाच देशात दोन किनाऱ्यांचे दोन पावसाळे! तेव्हा तिकीट काढण्याआधी भावाबरोबर हेही विचारा, की या महिन्यात तिथला समुद्र कसा असतो. स्वस्तात जायला हरकत नाही. पण मग तो समुद्र पाहायचा आहे, त्यात उतरायचं नाही, हे घरूनच ठरवून निघावं.

भरतीचं गणित

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या तलावाची पातळी महिन्याकाठी बदलते, समुद्राची दर सहा तासांनी. साधारण बारा तास पंचवीस मिनिटांच्या अंतरानं भरती येते, म्हणून रोजची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या कोकण किनाऱ्यावर यासाठी एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, द्वादशीला नवाच्या. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती सर्वांत मोठी.

हा हिशेब परदेशी किनाऱ्यावर चालायचा नाही, कारण प्रत्येक ठिकाणची वेळ वेगळी. तिथे रिसॉर्टमध्ये भरतीचं वेळापत्रक मागावं. ओहोटीला चालत ज्या खडकावर फोटो काढायला गेलात, त्याची वाट भरतीला पाण्याखाली जाते. आणि खडकावर फोटो काढताना समुद्राकडे पाठ कधीही करू नये. नऊ लाटा लहान आल्या म्हणून दहावीही लहान येईल असं नसतं.

इथे मला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या सकाळी टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईवडिलांबरोबर फुकेतच्याच एका किनाऱ्यावर होती. समुद्राचं पाणी विचित्रपणे फेसाळताना तिनं पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्सुनामी शिकवली होती, ती तिला आठवली. तिनं हट्ट धरला, वडिलांनी रिसॉर्टच्या माणसांना सांगितलं, किनारा रिकामा झाला आणि तिथली माणसं वाचली. भूगोलाचा एक धडा किती जीव वाचवू शकतो! जमीन हादरली, समुद्र एकाएकी खूप मागे हटला किंवा समुद्रातून मोठा आवाज आला, तर सामान, फोटो, चप्पल काही न पाहता उंच जागी पळावं आणि लगेच परत येऊ नये. पहिली लाट सर्वांत मोठी असतेच असं नाही. रिसॉर्टमध्ये पोचलात की बाहेर पडण्याचा आणि उंचावर जाण्याचा रस्ता पहिल्याच दिवशी चालून पाहावा.

काठावरचे धोके

समुद्र टाळला म्हणजे सगळं झालं असं नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळूरजवळ उचिल किनाऱ्यालगतच्या एका रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावात म्हैसूरच्या तीन विद्यार्थिनी बुडून मरण पावल्या. निळ्या फरशीचा तलाव दिसायला खेळण्यासारखा असतो, पण एका टोकाला तीन फूट असलेलं पाणी दुसऱ्या टोकाला सहा फूट होतं आणि मधला उतार वरून दिसत नाही. अनेक ठिकाणी तिथे जीवरक्षक नसतो. मूल बुडताना सिनेमातल्यासारखी आरडाओरड करत नाही. ते मुकाट्यानं, अर्ध्या-एक मिनिटात खाली जातं. म्हणून मुलं पाण्यात असतील तेव्हा एका मोठ्या माणसानं फक्त तेवढंच काम करावं. हातात मोबाइल नको आणि गप्पाही नकोत. पाळी लावावी, अर्धा तास आईची, अर्धा तास बाबांची. हाताला बांधायचे हवेचे फुगे हे खेळणं आहे, ते लाइफ जॅकेटची जागा घेऊ शकत नाहीत.

दारूबद्दल बोलायला संकोच वाटतो, पण बोललं पाहिजे. दारू पिऊन पाण्यात उतरू नये, हे तर आहेच. दुसरी गोष्ट अधिक छुपी आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्या वांग विएंग या पर्यटनाच्या गावी मिथेनॉलमिश्रित दारूनं सहा परदेशी पर्यटकांचा बळी घेतला. आपल्याकडे जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात याच विषानं शंभरावर माणसं मारली. फुकट मिळालेला पेला, खुली बाटली, बादलीत मिसळून दिलेलं पेय यांच्यापासून दूर राहावं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं आल्यासारखं वाटलं, पोट दुखलं, श्वास भरभर लागला तर 'उतरली नाही' म्हणून झोपून राहू नका, तडक दवाखाना गाठा. वेळेवर उपचार मिळाले तर डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात.

समुद्रावरचे खेळ खेळायचे असतील तर लाइफ जॅकेट अंगात असणं पुरेसं नाही, त्याचे सगळे पट्टे आवळलेले हवेत. पॅराशूटला बांधून उडवणारा माणूस वारा वाढल्यावरही 'काही होत नाही' म्हणत असेल तर पैसे सोडून द्यावेत. पाण्यावरची स्कूटर भाड्यानं घेताना आधी तिचे सगळीकडून फोटो काढावेत, नाहीतर जुन्या ओरखड्याची भरपाई तुमच्याकडून मागितली जाते. आणि अनामत म्हणून पासपोर्ट कुणालाही देऊ नये. पासपोर्ट गेला म्हणजे परदेशात तुमची ओळखच दुसऱ्याच्या हाती गेली.

प्रवासविमा घ्या, पण त्यात पाण्यातले खेळ येतात की नाही हे वाचून घ्या. बहुतेक पॉलिसींमध्ये दारूच्या अमलाखाली झालेला अपघात वगळलेला असतो. पासपोर्टची एक प्रत सामानात आणि एक घरी ठेवा. रिसॉर्टचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत छापलेलं कार्ड खिशात ठेवा. त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा, कारण मोबाइल पाण्यात पडतो तेव्हा त्यातले क्रमांकही पडतात. थायलंडला जाणाऱ्यांनी पर्यटक पोलिसांचा ११५५ आणि रुग्णवाहिकेचा १६६९ हे क्रमांक लिहून घ्यावेत. आपल्या देशात ११२ आणि १०८ आहेतच.

बाहेर काढल्यावर

एक शेवटची गोष्ट, जी समुद्राइतकीच आमच्या तलावालाही लागू आहे. बुडालेल्याला बाहेर काढलं की त्याला उलटं टांगायचं, पोट दाबून पाणी काढायचं, असं आपण पिढ्यान् पिढ्या करत आलो. ते चुकीचं आहे. त्यात वेळ जातो, आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत शिरतं. बुडालेल्या माणसाला हवा असतो तो प्राणवायू. त्याला सपाट जागेवर उताणं निजवा, डोकं मागे करून हनुवटी उचला. श्वास चालत नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडानं तोंडात हवा भरा. छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर तीस दाब, पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस दाब. मदत येईपर्यंत थांबू नका. आणि शुद्धीवर आला, बोलू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देऊ शकतं. हे सगळं ऐकून येत नाही, करून येतं. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या.

मी माझ्या विद्यार्थ्याला त्या दिवशी हे सगळं सांगितलं. अंगणातच काडीनं रेघ ओढून धुरा काढला, त्यात खिंड केली आणि तांब्याभर पाणी ओतून दाखवलं. सगळं पाणी खिंडीतून पळालं. तो बराच वेळ त्या ओल्या मातीकडे पाहत होता. जाताना काही बोलला नाही.

आठ दिवसांनी त्याचा तिथून फोन आला. मागे समुद्राचा आवाज येत होता. म्हणाला, "गुरुजी, इथे लाल झेंडा आहे. आठ दिवसांत एकदाही पाण्यात पाय नाही टाकला. पोट्टे लय रुसले जी." मी विचारलं, "मग केलंत काय?" तो म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ वाळूवर बसून पाहत होतो. पाणी कुठून परत जाते ते आता पोट्ट्यायलेबी समजते."

परवा तो गावी परत आला. मुलांना घेऊन भेटायला आला होता. धाकट्यानं माझ्या अंगणात आल्याबरोबर काडी उचलली आणि मातीत एक रेघ ओढली.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)